पाव्हणं जेवलं का?

आमच्या आईला कुठलंही काम अर्धवट टाकायची सवय नाही. विसरायला लागली, तर तेही तिनं शिस्तीत केलं. आधी चष्मा कुठं ठेवला ते विसरली, मग गॅस बंद करायला विसरली, मग आण्णा वारले हेच विसरून त्यांच्यासाठी भाकरी झाकून ठेवायला लागली. आण्णा म्हणजे माझे वडील. त्यानंतर नातेवाइकांचा नंबर लागला. लांबचे आधी गेले, जवळचे नंतर. मी तिचा एकुलता एक मुलगा, तेव्हा माझा नंबर सगळ्यांत शेवटी लागणार याची मला खात्री होती. माझी बायको रुपाली आठवणीत राहील आणि मी जाईन, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

एके दिवशी कामावरून घरात शिरलो, तर आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, तोंड भिंतीकडं वळवलं आणि आत हाक मारली, "रुपाली, कुनीतरी पाव्हनं आल्यात बग."

मी मागं वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं.

मी अजिनाथ. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तयार टॉवेल दिवसभर उलटेपालटे करून त्यातल्या चुका काढायच्या आणि त्या कोणाच्या तरी माथी मारायच्या, हे माझं काम. ते मी अगदी मन लावून करतो. कामगार माझ्यामागं मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी समोर गेलो की माणसानं मला ओळखावं, जमलं तर जरा दचकावं, एवढीच माझी अपेक्षा असते. त्यामुळं माझ्याच घरात, माझ्याच आईनं मला पाव्हणं म्हणावं हे मला झेपलं नाही. मी चिडलो. आजारी माणसावर चिडू नये हे मलाही कळतं, पण कळण्याचा आणि माझ्या स्वभावाचा फारसा संबंध कधीच आलेला नाही.

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असं नाव सांगितलं होतं. "आजींशी वाद घालू नका. त्या म्हणतील त्याला हो म्हणा," असंही सांगितलं होतं. मी डॉक्टरांशी त्यावरही वाद घातला. मग घरी येऊन आईला माझं आधारकार्ड दाखवलं. आईला वाचता येत नाही, पण फोटो तर दिसतो. तिनं कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं आणि फार काळजीनं विचारलं, "ह्यो कोन? आजारी हाय का?"

तो फोटो बघून मीही स्वतःला ओळखलं नसतं, हे मान्य करतो.

शेजारच्या धनलक्ष्मीअक्का म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही केसं काळे करताव, मिशी काढलाव, आईंनी कसं ओळखायचं?" धनलक्ष्मीअक्कांचं घर विणकरांचं. घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी, आणि खरं बोलायचं असलं की दोन्हींत बोलतात. मी दोन आठवडे काळी मेंदी बंद ठेवली. केस अर्धे काळे, अर्धे पांढरे झाले. त्यानं एवढंच झालं की आई मला 'पाव्हनं'च्या जागी 'म्हातारं पाव्हनं' म्हणायला लागली. मी परत मेंदी लावली.

खरा राग वेगळ्याच गोष्टीचा होता. आमचं घराणं सांगोल्याकडचं, मेंढरं राखणारं. आईचं निम्मं आयुष्य आण्णांबरोबर मेंढरांमागं उन्हातान्हात गेलं. त्यातली एकेक मेंढी तिच्या ध्यानात होती. कुणाचा कान फाटका, कुणाला दोनदा जुळं झालं, कुणी कुणाच्या शेतात तोंड घातलं, सगळं. एक कबरी नावाची मेंढी तर माझ्या जन्माच्याही आधी मेली होती. तिचं नाव आई दिवसातून चारदा घ्यायची. माझं एकदाही नाही. वयाच्या पन्नाशीनंतर एका मेलेल्या मेंढीचा मत्सर करणारा सोलापुरात मी एकटाच असेन.

तरी रुपाली होती तोवर चाललं. आई तिच्या हातनं अंघोळ करायची, तिच्या हातनं जेवायची. मी आपला लांबून चुका काढायचो. भात गार झाला, पाणी जास्त घातलं, गोळी आधी का नंतर. मग कुर्डुवाडीहून फोन आला. आमची मुलगी सोनम तिथं दिली आहे, जावई रेल्वेत आहेत. दुसरं बाळंतपण, दिवस भरत आलेले, आणि तिची सासू पाय मोडून अंथरुणावर. रुपालीला जावंच लागणार होतं.

"तुम्हाला जमंल का?" रुपालीनं पिशवी भरता भरता विचारलं.

"मी अख्खी शिफ्ट सांभाळतो," मी म्हणालो. "एक माणूस सांभाळायला काय लागतं?"

रुपाली काही बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की माझ्या अशा वाक्यांवर ती आता काही बोलत नाही. तिनं फक्त कपाटातले डबे दाखवले, शेंगाचटणी कुठं आहे ते सांगितलं आणि कडक भाकरीची चळत फडक्यात बांधून ठेवली. म्हणाली, "आत्या खाईनात तर मला लगेच सांगा. मी निघून येते."

सकाळची अंघोळ धनलक्ष्मीअक्का घालणार होत्या. मी रजा टाकली होती. जेवण तेवढं माझ्याकडं होतं.

पहिल्या दुपारी मी ताट वाढलं. भात, आमटी, वाटीत दूध. आईपुढं ठेवलं आणि समोर बसलो. आईनं पदर ओढला आणि भिंतीला टेकून बसली. ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हळूच विचारलं, "पाव्हनं जेवलं का?"

"मी पाव्हना न्हाय. अजिनाथ हाय मी, तुझा पोरगा."

"बरं," आई म्हणाली. तिनं पदर सारखा केला. "मग जेवलासा का?"

"आधी तू जेव. तू जेवल्याबिगर मी जेवणार न्हाय."

हे मी हुशारीनं म्हणालो होतो. लहानपणी मी रुसून जेवणावर बहिष्कार टाकला की आई पाघळायची. तेच हत्यार मी तिच्यावर चालवायचं ठरवलं. आईनं ताट हातानं अलगद बाजूला सारलं आणि ती पदराआड गप्प बसली. मीही गप्प बसलो. आमटीवर साय धरली. शेवटी मी ताट उचलून आत गेलो.

आता उपोषण जाहीर केल्यावर पाळायला पाहिजे, पण मला भूक निघत नाही. शुगर आहे, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे शुगर नव्हती तेव्हाही निघत नव्हती. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून खायचं ठरवलं. पण आमच्याकडची कडक भाकरी चोरून खाता येत नाही. पहिल्याच घासाला असा आवाज झाला की बाहेर आईनं विचारलं, "कोन हाय गं आत? उंदीर हाय का?" मग मी भाकरी आमटीत बुडवून, मऊ करून, दाराकडं पाठ करून खाल्ली. तोंड पुसून, उपाशी माणसासारखा चेहरा करून बाहेर येऊन बसलो. आई माझ्याकडं बघत राहिली. त्या बघण्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

रात्री तेच. दुसऱ्या दिवशी तेच. आई चहा घ्यायची, तोही अर्धाच. उरलेला अर्धा कप माझ्याकडं सरकवायची. मला वाटलं, चहा बिघडलाय. साखर वाढवून बघितली, आलं घालून बघितलं, दुधाची पिशवी बदलली, दूधवाल्याशी भांडलो. तरी अर्धा कप माझ्याकडं यायचाच. मी तो मोरीत ओतायचो.

धनलक्ष्मीअक्कांनी एका सकाळी आईला भरवून बघितलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "भाऊ, त्या म्हणायलेत, पाव्हणं अजून जेवलं नाही."

"तेच तर दुखणं आहे," मी म्हणालो. "मला पाव्हणाच म्हणते ती."

"तसं नव्हे हो भाऊ," त्या काही सांगायला गेल्या. पण मला बोलायचं असलं की मी दुसऱ्याचं ऐकत नाही. मी त्यांना स्मृतिभ्रंश म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, तेलुगूत काहीतरी म्हटलं आणि त्या घरी गेल्या.

मग एका सकाळी आई मोरीकडं जाताना भिंत धरून थांबली. गुडघे थरथरत होते. मी धरायला गेलो तर तिनं माझा हात झटकला आणि परक्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, "ऱ्हाऊ द्या. म्या जाईन." मी घाबरलो. त्याच दिवशी रुपालीचा फोन आला.

"आत्या जेवल्या का?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण रुपालीशी फोनवरसुद्धा मला खोटं बोलता येत नाही. "न्हाय," म्हणालो.

"कधीपासनं?"

मी सांगितलं.  पलीकडून सोनमचं कण्हणं ऐकू आलं. "उद्या सकाळच्या गाडीनं येते मी," रुपाली म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. आली असती तर तिकडं पोरगी एकटी, न आली तर इकडं आई उपाशी. आणि हे सगळं का, तर मला माझ्या आईला घासभर खाऊ घालता येत नव्हतं. "एक दिवस थांब," मी म्हणालो. "उद्या रात्रीपर्यंत नाही जमलं, तर ये."

फोन ठेवला आणि मला फार वाईट वाटलं. नुसता राग असता तर बरं झालं असतं, रागाची मला सवय आहे.

त्या दुपारी बाहेर डोळा उघडवत नव्हता इतकं ऊन. कूलर घरघरत होता. पाव्हण्यांशी दोन शब्द बोलावेत अशी रीत असल्यानं आई माझ्याशी बोलायला लागली. भिंतीकडं बघून सांगत होती, "आमची कबरी हुती. तिचं कोकरू मेलं. दुसरीकडं एका कोकराची आई मेली. कबरी काय त्याला जवळ येऊ दीना. ढुशी मारून उडवायची. मग म्या काय केलं, मेल्या कोकराचं कातडं काढलं आन् ह्याच्या अंगावर बांधलं. कबरीनं वास घेतला. आपलंच हाय म्हनली आन् पाजाया लागली."

हे मला माहीत होतं. आमच्यात सगळ्यांना माहीत असतं. मेंढीला डोळ्यांनी काही कळत नाही, ती आपलं पोर नाकानं ओळखते. लहानपणी असली मेंढी मी कान धरून उभी केलेली आहे. मी आईकडं बघितलं. तिला माझा चेहरा ओळखीचा वाटत नव्हता, नाव आठवत नव्हतं, आधारकार्डाचा उपयोग नव्हता. मग राहिलं काय? तर नाक. मी अंगाला साबण लावतो, वर बगलेत सेंट मारतो, कारखान्यातल्या रंगाचा वास असतो तो वेगळाच. आण्णांच्या अंगाला, लहानपणी माझ्याही अंगाला, मेंढरांचा वास असायचा, आणि आई ओळखते तो तोच. टॉवेलमध्ये सुटलेला धागा सापडावा तसा मला आनंद झाला.

धनलक्ष्मीअक्कांना आईजवळ बसवलं आणि मी मोटरसायकल काढली. माझा चुलतभाऊ जोतिराम अजून मेंढरं राखतो. त्या दिवसांत त्याची मेंढरं मंगळवेढा रोडला एका शेतात खतासाठी बसवलेली होती. तो लिंबाखाली झोपला होता. मी त्याला उठवून त्याच्या अंगाखालचं घोंगडं मागितलं.

"नवं देतो की दादा, धुतल्यालं हाय," जोतिराम म्हणाला.

"धुतलेलं नको. हेच दे."

"ह्याला लई वास मारतोय."

"वासासाठीच पाहिजे."

जोतिरामनं मला नीट बघितलं. घरात एकाला विसरायचा आजार झाला की हळूहळू दुसऱ्यालाही होतो की काय, असा त्याचा चेहरा झाला होता. तरी त्यानं घोंगडं दिलं. मी ते मागच्या सीटला बांधून गावातनं आणलं. प्रत्येक सिग्नलला आजूबाजूच्या गाड्या माझ्यापासून जरा लांब थांबत होत्या. आमच्या गल्लीतली कुत्री दारापर्यंत पोचवायला आली.

संध्याकाळी मी शर्ट काढला, सेंट धुतला, बनियनवर ते घोंगडं डोक्यावरनं घेतलं आणि गुडघे पोटाशी धरून आईसमोर बसलो. सोलापूरचा मे महिना आणि अंगावर मेंढीच्या लोकरीचं घोंगडं. मानेवरनं घामाचे ओघळ निघाले. समोरच्या आरशात मी दिसत होतो. कारखान्यातल्या एकानं जरी त्या वेळी मला बघितलं असतं, तरी मला दुसऱ्या दिवशी राजीनामाच द्यावा लागला असता. धनलक्ष्मीअक्का तोंडावर पदर धरून उठल्या आणि आपल्या घरी पळाल्या. त्यांच्या घरातनं हसण्याचा आवाज येत राहिला.

आईचं नाक हललं. ती भिंतीपासून वळली. हाताचा आधार घेत घेत पुढं सरकली. घोंगड्याचं टोक धरून नाकाशी नेलं. मग माझ्या डोक्याजवळ आली, वास घेतला. मी श्वास धरून बसलो होतो.  आता म्हणेल, आता नाव घेईल, असं वाटत होतं.

आईनं घोंगडं उलटं करून बघितलं आणि ती हसायला लागली. कितीतरी महिन्यांनी हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"ह्ये तुजं न्हाय," ती म्हणाली. "कुनाचं बांधून आलायास?"

 "जोतिरामचं," म्हणालो.

"मेंढीला फशीवत्यात आसं. मी काय मेंढी हाय व्हय रं?" तिनं घोंगडं माझ्या डोक्यावरनं मागं सारलं, पदरानं माझ्या मानेचा घाम पुसला. "पाव्हनं म्हनून मी गप बसले हुते. किती दिस झालं, ह्या घरात नुसता बसून हाईस. जेवताना एकदा दिसला न्हाईस. च्या दिला त्यो बी मोरीत वतलास. उपाशी मानसाफुडं बसून आमी कसं खायाचं?"

एवढंच होतं. दारात आलेला माणूस जेवल्याशिवाय घरातल्या बाईनं तोंडात घास घालायचा नाही. ही रीत तिच्या हाडात होती. सगळं विसरली, ती रीत तेवढी राहिली होती. ती माझ्या जेवणाची वाट बघत होती, आणि मी आत ओट्याशी उभा राहून भाकरी भिजवत होतो. ती रोज तेच विचारत होती. मी मात्र तिला माझं नाव शिकवत बसलो होतो.

"आन जा ताट," ती म्हणाली.

मी आणलं. तिनं भाकरी आमटीत कुस्करली, मोठा घास केला आणि माझ्या तोंडाजवळ धरला. मी खाल्ला. दुसरा घास तिनं स्वतः खाल्ला. मग परत मला. माझे डोळे गळायला लागले. आईनं ते बघितलं.

"आई न्हाय व्हय तुला?"

"हाय की."

"मग जेवू घालत न्हाय ती?"

"इसरली ती मला," मी म्हणालो.

आईनं मान हलवली. सुपरवायझरनं कामगाराची चूक काढावी तशी, अगदी ठामपणे. "आई इसरत न्हाय. मेंढरामागं गेली आसंल. येईल माघारी. तवर तू हितं जेव."

त्या रात्री मी रुपालीला फोन केला आणि येऊ नको म्हणून सांगितलं. कसं जमवलं, असं तिनं विचारलं. मी नेहमीसारखं मोठं काहीतरी सांगणार होतो. "मी जेवलो," एवढंच सांगितलं. तिला ते कळलं नाही. मग घोंगड्याचंही सांगितलं, तेव्हा ती इतकी हसली की सोनमनं फोन हिसकावून घेतला आणि मला सगळं पहिल्यापासून परत सांगावं लागलं.

तेव्हापासून आमचं ताट एकच. घास मला, घास तिला. माझी शुगर वाढली. डॉक्टर म्हणाले, पथ्य कोण मोडतंय? मी आईकडं बोट केलं. डॉक्टर म्हणाले, आजींशी वाद घालू नका. या वेळी मी त्यांच्याशी वाद घातला नाही. घोंगडं मात्र परत द्यायला गेलो, तर आईनं ते काढून घेतलं आणि अंथरुणावर टाकून त्यावर झोपायला लागली. घराला अजून वास येतो.

सोनमला मुलगी झाली. महिन्याभरानं रुपाली परत आली. तिनं पिशवी खाली ठेवली आणि आईच्या पाया पडली. आईनं तिला बरोबर ओळखलं, नावानं हाक मारली, जवळ बसवलं. मी दारात उभा होतो. खोटं कशाला बोलू, मनात होतंच की एवढ्या दिवसांच्या घासांनंतर आता माझंही नाव निघेल.

आईनं माझ्याकडं बघितलं. पदर ओढला नाही. रुपालीच्या हाताला धरून खालच्या आवाजात, पण मला ऐकू येईल असं म्हणाली, "ह्ये आपलं न्हाय. कुनाचं हाय ठावं न्हाय. पर आता अंगाला लागलंय माज्या. हाकलू नगंस."

"बरं आत्या," रुपाली म्हणाली. "ऱ्हाऊ दे त्याला."

ती आत गेली, एकच ताट वाढून आणलं आणि आईपुढं ठेवलं. मी हात धुतले आणि समोर जाऊन बसलो.